खाणींवर सरकार हवं होतं, साखर कारखान्यात नको होतं

‘सरकारने धंद्यात पडू नये’ आणि ‘सरकारने काहीतरी करायला पाहिजे’ ही दोन्ही वाक्यं आमच्या उत्तर गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. मला त्याचं बोलणं पटतं. नको तिथे सरकार त्याने पाहिलंय आणि हवं होतं तिथे ते त्याला कधी भेटलंच नाही.

सध्या बाजार विरुद्ध सरकार या वादावर बरंच लिहून येतंय. कुणी 1991 च्या उदारीकरणाचा दाखला देतो, कुणी त्याआधीच्या लायसन्स-परमिट राजचा, कुणी सिंगापूरचा. देशाचं गणित मोठं आहे, त्यावर अर्थतज्ज्ञांनी बोलावं. मला गोव्यातलं दिसतं ते सांगतो. सरकार किती असावं यापेक्षा ते कुठे असावं, यावर आपण भांडायला हवं.

खाणींपासून सुरुवात करतो, कारण आमचं अख्खं आयुष्य त्या धुळीत गेलं.

जमिनीखालचं खनिज, आमच्याकडे लोहखनिज, कुणा एका घराण्याचं नसतं. पण पोर्तुगीजांनी ते कायमच्या सवलतींवर, म्हणजे खाण काढायच्या कायमच्या हक्कांवर, वाटून टाकलं आणि 1961 च्या मुक्तीनंतरही त्या सवलती तशाच चालू राहिल्या. त्यांची लीज, म्हणजे सरकारी भाडेपट्टे, झाली ती 1987 च्या कायद्याने. सरकारला मिळायची रॉयल्टी, तीसुद्धा टनामागे ठरावीक मोजके रुपये. चीनमध्ये पोलादाची मागणी वाढली आणि ज्या हलक्या मालाला कुणी विचारत नव्हतं त्याला सोन्याचा भाव आला, तरी रॉयल्टी जुन्याच हिशेबाने. किमतीच्या 10 टक्के हा दर लागला 2009 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लाट येऊन काही वर्षं उलटल्यावर.

2010-11 ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास माल बाहेर गेला. ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना आकडा वाचून कल्पना येणार नाही. सकाळी मुलं शाळेला निघायची तेव्हा रस्त्याच्या कडेला हात धरून उभी राहायची, कारण टिप्परच्या रांगेत ओलांडायला फट मिळत नसे. आमोण्याच्या जेटीवर बार्ज (मालवाहू होड्या) भरत, तिथून माल मांडवीतून मुरगाव बंदराला. अंगणातल्या तुळशीची पानं लाल. पिसुर्ल्यात शेतात खाणीची माती उतरली, शिरगावात खाण पाण्याच्या पातळीखाली गेली आणि विहिरी आटल्या. तेव्हा किती माल निघतोय, कुठून निघतोय, लीजच्या हद्दीत निघतोय की बाहेर, हे नीट मोजणारं कुणीच नव्हतं. बाजार त्याचं काम चोख करत होता, घेणारा घेत होता, विकणारा विकत होता. ज्याचा माल होता तो, म्हणजे आपण सगळे आणि आपल्या वतीने सरकार, तिथे हजरच नव्हतं.

पुढे बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि 2012 च्या सप्टेंबरात एका फटक्यात सगळं बंद. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लीजची मुदत 2007 च्या नोव्हेंबरातच संपली होती, म्हणजे पाच वर्षं उपसलं ते बेकायदा. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीत टाकायला लावली. त्यानंतर सरकारने काय केलं? लिलाव न करता त्याच 88 लीजचं नूतनीकरण. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तेही रद्द केलं आणि 16 मार्चपासून पुन्हा बंद.

अखेर 2022 च्या डिसेंबरात लिलाव सुरू झाले. डिचोलीच्या ब्लॉकसाठी कंपनीने मालाच्या सरासरी किमतीच्या 60 टक्क्यांहून जास्त वाटा सरकारला द्यायची तयारी दाखवली, काही ब्लॉकना तर 90 टक्क्यांवर बोली लागली. तोच डोंगर, तोच माल. कुठे ते टनामागचे मोजके रुपये आणि कुठे हा वाटा! मधल्या पन्नास वर्षांत काय सोडून दिलं याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि ही जाग सरकारला आपणहून आली नाही, गोवा फाउंडेशनसारखी पर्यावरणवादी संस्था न्यायालयात वर्षानुवर्षं लढली म्हणून आली.

भोगलं कुणी? कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांनी. खाणमालकांकडे दुसरे धंदे होते. आमच्या शेजारच्या वाड्यावर एका घरासमोर टिप्पर उभा राहिला तो उभाच. आधी बॅटरी गेली, मग टायर विकले, मग ठोकळ्यांवर ठेवलेल्या चेसीभोवती शेवग्याचं झाड मोठं झालं. त्यांना सरकारने मदत दिली, कर्जात सवलतही दिली, ती गरजेचीच होती. पण पहिल्या दिवसापासून मोजमाप आणि मर्यादा असती तर माल पन्नास वर्षं पुरवून काढता आला असता आणि हा माणूस मदतीच्या रांगेत उभा राहिला नसता.

आता धारबांदोड्याला या. संजीवनी सहकारी साखर कारखाना. नावात सहकार, पण कारभार वर्षानुवर्षं सरकारी प्रशासकाच्या हातात. यंत्रं जुनी होत गेली, तोटा वाढत गेला, दरवर्षी तिजोरीतून पैसे ओतले गेले आणि कारखाना सुधारायचा की बंद करायचा हे कुणीच ठरवलं नाही, कारण दोन्हीतला कुठलाही निर्णय घेतला की कुणीतरी नाराज होणार. 2019-20 च्या हंगामापासून गाळप थांबलं. सांग्याच्या शेतकऱ्यांचा ऊस सीमेपलीकडे कर्नाटकात पाठवायची वेळ आली. मग पाच वर्षं उतरत्या दराने भरपाई. ऊसवाले आंदोलनाला बसले तेव्हा काही लोक म्हणाले, यांना फुकटची सवय लागली. मला या बोलण्याचा राग येतो. त्या शेतकऱ्याने ऊस लावला तो सरकारच्या शब्दावर. साळावलीच्या धरणाचं पाणी, कारखान्याची हमी, सगळं सरकारने उभं केलं. कारखाना चालवणं हे सरकारचं काम नव्हतंच, पण एकदा चालवल्यावर त्यातून बाहेर पडायची तारीख आणि वाट आधी सांगायला हवी होती.

‘मग सरकारने हात लावूच नये’ असं म्हणणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. कूळ कायदा 1964 चा, आणि कसणाऱ्याला मालकी देणारी दुरुस्ती 1976 ची. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली ही कामं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात वाकून उभं राहणाऱ्या हजारो घरांना त्यांनी जमिनीवर उभं केलं. बाजाराने ते कधीच केलं नसतं. पण त्यातही एक गोष्ट निसटली. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी (खारं पाणी आत-बाहेर सोडायची दारं) पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था, सांभाळायची. जमीन कुळांकडे गेली, बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली, आणि पुष्कळ ठिकाणी संघ नुसता कागदावर राहिला. मानशीची पावणी, म्हणजे तिथली मासळी धरायच्या हक्काचा लिलाव, मात्र दरवर्षी होते, कारण मासळीत पैसा आहे. पावणी घेणारा मासळीसाठी खारं पाणी जास्त आत घेतो, बांध फुटतो, शेत पडीक पडतं. मग त्या पडीक शेतावर बिल्डरची नजर जाते. कुळाला मिळालेली शेतजमीन शेतीसाठीच वापरायची असा 1991 चा कायदा आहे. तो पाळून घेणं हे सरकारचं खरं काम, आणि तिथेच सरकार सुस्त.

खनिज, जमीन, पाणी, किनारा या सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टींवर सरकारने कडक मालकासारखं बसावं. मोजावं, लिलाव करावा, मर्यादा घालावी, मोडणाऱ्याला सोडू नये. ऊस गाळणं, भाजी विकणं यात पडायचंच असेल तर ठरावीक मुदतीपुरतं, आणि ती मुदत पहिल्याच दिवशी जाहीर करून. माझ्या मते आपल्याकडे बरोबर उलटं झालं.

पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला दोन प्रश्न विचारा. कायमस्वरूपी निधीत आजवर किती जमा झाले आणि ते कुठे गुंतवलेत? आणि नव्या लीजवर रोज निघणाऱ्या मालाचं वजन गावच्या पंचायतीच्या फळ्यावर का लिहिलं जात नाही? मी आमच्या आमदाराला लेखी विचारतोय. उत्तर येईल तसं इथे टाकेन, तुम्हीही टाका.