काळजी नको, बीट द्या

दंगल पेटली, मोठा छापा पडला, की असाइनमेंटवर पहिलं नाव पुरुष रिपोर्टरचंच निघतं. मी जाते म्हटलं तर उत्तर ठरलेलं, “अगं, एवढ्या रात्री तू कुठे जातेस? तू उद्या जखमींच्या घरच्यांशी बोल, बायका तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील.” डोक्यात तिडीक जाते नुसती! बीट्स, म्हणजे रिपोर्टरला नेमून दिलेले विषय, वाटतानाही तेच: क्राइम, राजकारण, अर्थकारण त्यांचं; शिक्षण, आरोग्य, पुरवणी आमची. शिक्षण-आरोग्य ही हलकी बीट्स आहेत असं मी मुळीच मानत नाही. पण तुम्ही तसंच मानता, म्हणून तर त्या बातम्या आतल्या पानावर जातात.

आणि खरा संताप पुढेच आहे. काही वर्षांनी ब्युरो चीफची जागा निघते, तेव्हा हीच माणसं मान हलवत म्हणतात, “चांगली आहे ती, पण पॉलिटिकल केलेलं नाही ना तिने.” करू कोणी दिलं नाही? दर वेळी कोणी अडवलं?

१९५० साली कोरियन युद्धात अमेरिकी वार्ताहर मार्गरिट हिगिन्स यांनाही असंच परत पाठवायला निघाले होते. कारण काय, तर आघाडीवर बायकांची सोय नाही! थेट सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांच्याकडे दाद मागून त्या परतल्या आणि त्याच युद्धाच्या वार्तांकनासाठी १९५१ चं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकात तर बायकांनी माहिती जमवायची, तपासायची आणि लिहायचं पुरुषांनी, असाच शिरस्ता होता, १९७० मध्ये ४६ जणींना कायदेशीर तक्रार करावी लागली. तेव्हाची कारणं आजही जशीच्या तशी ऐकायची आणि वर ऐकायचं की आता काळ बदललाय!

भांडून एखादी मोठी बातमी आणलीच, तर “सोर्सने तुलाच बरी दिली?” हा प्रश्न येतो. पुरुषाला कधी विचारलाय? बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेलीला न विचारताच डेस्कवर, म्हणजे ऑफिसात इतरांच्या बातम्या संपादित करायला, बसवतात, तेही तिच्या सोयीसाठी म्हणे. बातमी छापून आल्यावर ऑनलाइन शिव्या, बलात्काराच्या धमक्या. युनेस्को आणि आयसीएफजे या पत्रकारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या ७३ टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यावर ऑफिसचा सल्ला काय, तर थोडे दिवस फोन बंद ठेव. अहो, माझे सगळे सोर्स त्याच फोनवर आहेत! धमकी देणाऱ्याविरुद्ध संस्थेच्या नावाने तक्रार का नाही करत तुम्ही?

इतकी काळजी असेल ना, तर रात्री परतायला गाडी द्या. हेल्मेट द्या, विमा काढा, आणि तो पुरुष रिपोर्टरचाही काढा, दगड त्यालाही लागतो. पण पुढच्या निवडणुकीच्या ड्यूट्या लावताना माझं नाव माझ्या काळजीपोटी खोडू नका.