भाराभर चिंध्या? मग ७.९१ सेकंदांचं काय करायचं?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा मथळा असलेला एक मजकूर सध्या भरपूर फिरतो आहे. विषय आहे महिलांची इनडोअर पेंटॅथलॉन. जागतिक आणि युरोपीय इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धांत एकाच दिवसात होणारे पाच प्रकार: ६० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, लांब उडी आणि शेवटी ८०० मीटर. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. जिला कुठल्याच एका प्रकारात पदकाची आशा नसते, ती इकडे वळते. पुरुषांना सात प्रकार आणि बायकांना पाचच, कारण त्यांना झेपत नाही. १९८० मध्ये ५०८३ गुण झाले होते आणि २०२३ चा ‘विश्वविक्रम’ ५०५५ चा, म्हणजे खेळ मागे चालला आहे. गुण देण्याची पद्धत इतकी अजब की पाचापैकी तीन प्रकारांत सरस ठरलेली हरते. आणि शेवटची ८०० मीटर म्हणजे नुसतं उरकणं.

मजकुरासोबतचा फोटो तलवारबाजीचा आहे. तो मॉडर्न पेंटॅथलॉनचा. नाव सोडलं तर त्या खेळाचा अॅथलेटिक्सच्या पेंटॅथलॉनशी काही संबंध नाही. ज्याने हा मजकूर जुळवला त्याने खेळ किती पाहिला असेल, याचा अंदाज इथेच येतो. तरी मुद्दे पाहू, कारण त्यातल्या दोनांत थोडं तथ्य आहे.

पहिला मुद्दा चिंध्यांचा. २०१२ ची जागतिक इनडोअर स्पर्धा इस्तंबूलला झाली. ब्रिटनच्या जेसिका एनिसने पेंटॅथलॉनमधली अडथळ्यांची शर्यत ७.९१ सेकंदांत संपवली. त्याच स्पर्धेत ६० मीटर अडथळ्यांची स्वतंत्र अंतिम शर्यत ऑस्ट्रेलियाच्या सॅली पीअरसनने ७.७३ सेकंदांत जिंकली, रौप्यपदकाची वेळ होती ७.९४. म्हणजे ‘कशातच धड नसलेली’ ही बाई, फक्त अडथळ्यांसाठी आयुष्य वाहिलेल्यांच्या शर्यतीत या वेळेने दुसरी आली असती. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या हेप्टॅथलॉनमध्ये, म्हणजे खुल्या मैदानावरच्या सात प्रकारांच्या स्पर्धेत, तिने १०० मीटर अडथळे १२.५४ सेकंदांत पार केले. चार वर्षांपूर्वी बीजिंगला डॉन हार्परने याच वेळेत या प्रकाराचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं होतं.

बेल्जियमची टिया हेलेबाउट २००८ मध्ये व्हॅलेन्सियाला पेंटॅथलॉनची जागतिक इनडोअर विजेती झाली आणि त्याच वर्षी बीजिंगला २.०५ मीटर उडी मारून उंच उडीची ऑलिंपिक विजेती. रिओ ऑलिंपिकची गंमत तर ठाऊक असायलाच हवी: तिथे हेप्टॅथलॉनमध्ये बेल्जियमची नफिसातू थियाम आणि ब्रिटनची कॅटरीना जॉन्सन-थॉम्पसन दोघींनी १.९८ मीटर पार केले आणि उंच उडीचं सुवर्ण गेलं १.९७ ला.

मान्य, गोळाफेकीत असं दिसणार नाही. तिथल्या अव्वल खेळाडू १९-२० मीटर फेकतात, पेंटॅथलॉनवाल्या बहुतेक १२ ते १६ च्या मध्ये. ८०० मीटरमध्येही अव्वल धावपटू दोन मिनिटांच्या आत येतात आणि या सव्वादोनच्या आसपास. पण का, हे पाहा ना. गोळ्याला अंगात वजन लागतं, ताकद लागते. ८०० मीटरला तेच वजन छातीवर बसतं. उंच उडीला तर एकेक किलो महाग. गोळाफेकीसाठी कमावलेले स्नायू उंच उडीत आडवे येतात आणि ८०० साठी केलेला लांब पल्ल्याचा सराव अडथळ्यांमधला झटका बोथट करतो. एका शरीराला या पाच मागण्या एकाच दिवशी पुरवायच्या असतात. वर लांब उडी आणि गोळाफेकीत प्रयत्न तीनच. स्वतंत्र स्पर्धेत अंतिम टप्प्यापर्यंत गेलेल्यांना साधारण सहा मिळतात. तीनही फाऊल गेले तर त्या प्रकाराचे गुण शून्य. जॉन्सन-थॉम्पसनचं २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत, हेप्टॅथलॉनमध्ये, नेमकं हेच झालं. पहिल्या दिवसाअखेर दुसऱ्या स्थानावर होती, लांब उडीत तीन फाऊल, संपलं.

दुसरा मुद्दा, पाच विरुद्ध सात. पुरुषांच्या इनडोअर हेप्टॅथलॉनमध्ये सात प्रकार असतात हे खरं, पण ते दोन दिवसांत विभागलेले. बायका पाच प्रकार एका दिवसात संपवतात. मैदानावर याच खेळाडू दोन दिवसांची सात प्रकारांची हेप्टॅथलॉन खेळतात. त्या सातातून भालाफेक आणि २०० मीटर काढा, १०० चे अडथळे ६० वर आणा, की झाली इनडोअर पेंटॅथलॉन. छपराखाली भाला फेकायचा कुठे? पुरुषांच्या दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमधूनही आत येताना थाळी, भाला आणि ४०० मीटर गळतात. तेव्हा ‘झेपत नाही’ हा शोध लावायची गरज नाही.

इथे मात्र एक खरा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो मजकुराला सुचलेलाच नाही: बायकांना मैदानावर सात आणि पुरुषांना दहा, असं का? पोल व्हॉल्ट (बांबू उडी) आता महिलांच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेत असतो, त्यांच्या हेप्टॅथलॉन-पेंटॅथलॉनमध्ये मात्र नाही. महिलांच्या डेकॅथलॉनचा विश्वविक्रमही आहे, लिथुआनियाच्या ऑस्ट्रा स्कुयितेचा, २००५ मध्ये ८३५८ गुण. हीच स्कुयिते २०१२ ला इस्तंबूलच्या पेंटॅथलॉनमध्ये तिसरी आली. भांडायचं असेल तर या मुद्द्यावर जरूर भांडावं, पण मग बायकांना झेपत नाही असं म्हणता येणार नाही.

१९८० चे ५०८३ गुण. हा आकडा खरा आहे. मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या नादेझ्दा त्काचेन्कोने तो नोंदवला. पण ती खुल्या मैदानावरची पेंटॅथलॉन होती, त्यात अडथळे १०० मीटरचे होते आणि गुण जुन्या तक्त्यानुसार मोजलेले होते. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये तिची जागा हेप्टॅथलॉनने घेतली आणि १९८५ मध्ये गुणांचे तक्तेच बदलले. जुन्या शेरातलं माप आजच्या किलोशेजारी मांडून ‘बघा, धान्य कमी झालं’ म्हणण्यासारखं आहे हे. यावर आणखी लिहिण्यात अर्थ नाही.

आता गुणांची पद्धत. हा मुद्दा बाकीच्यांपेक्षा वजनदार आहे, कारण दिलेली माहिती खरी आहे आणि काढलेला निष्कर्ष चुकीचा.

प्रत्येक प्रकाराला एक शून्याची रेघ असते. उंच उडीत ७५ सेंटिमीटर, लांब उडीत २.१० मीटर, गोळाफेकीत दीड मीटर, अडथळ्यांत १७ सेकंद, ८०० मीटरमध्ये ४ मिनिटं १४ सेकंद. त्या रेघेपासून खेळाडू किती पुढे गेली, यावर ठरलेल्या सूत्राने गुण मिळतात आणि पाचांची बेरीज होते. सरासरी वगैरे काही नसते. कोण कितवी आली, याला गुणांच्या हिशेबात जागाच नाही. किती फरकाने पुढे होती, ते मोजलं जातं. चांगल्या खेळाडूच्या पातळीवर उंच उडीत ३ सेंटिमीटरची एक पायरी म्हणजे ३८-३९ गुण, लांब उडीत १० सेंटिमीटर म्हणजे साधारण ३२, गोळ्याचा एक मीटर म्हणजे ६६-६७, अडथळ्यांत सेकंदाचा दहावा भाग म्हणजे २२-२३, आणि ८०० मीटरमधला एक सेकंद १४-१५ गुणांचा.

हे समोर ठेवून २०२३ ची इस्तंबूलची युरोपीय इनडोअर स्पर्धा पाहा. मजकुरात ‘तीन प्रकारांत पुढे असून हरली’ म्हणतात ती पोलंडची आद्रियाना सुलेक. अडथळे तिने ८.२१ सेकंदांत पार केले आणि विजेत्या थियामने ८.२३ मध्ये. फरक पडला ५ गुणांचा. लांब उडीत सुलेक ६.६२, थियाम ६.५९. फरक १० गुणांचा. ८०० मध्ये सुलेकला २:०७.१७ लागले, थियामला २:१३.६०. इथे ९३ गुण. तिन्ही मिळून सुलेकने कमावले १०८. उरलेल्या दोनांत थियामने उंच उडी १.९२ घेतली, सुलेकने १.८९. एकच पायरी, ३९ गुण. आणि गोळा थियामचा १५.५४ मीटर, सुलेकचा १३.८९. इथे ११० गुण गेले. दोन मिळून १४९. अंतिम आकडे ५०५५ आणि ५०१४. तीन प्रकार जिंकणं कौतुकाचं, पण त्यातले दोन जेमतेम दोन शतांश सेकंद आणि तीन सेंटिमीटर यांनी जिंकले होते. त्या दोनांचा जय दीड मीटरहून लांब पडलेल्या गोळ्याच्या बरोबरीचा धरला असता, तर ती पद्धत अजब म्हणावी लागली असती.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. याच शहरात २०१२ मध्ये एनिस अडथळे, उंच उडी आणि ८०० या तिन्हींत युक्रेनच्या नताल्या डोब्रिन्स्कापेक्षा सरस होती. लांब उडीत ६.१९ वर अडकली. डोब्रिन्स्काची उडी होती ६.५७. तिथे १२२ गुण गेले. गोळ्यात डोब्रिन्स्काने १६.५१ मीटर फेकला आणि आणखी ११५ नेले. ५०१३ विरुद्ध ४९६५. पाच हजारांच्या वर गेलेली डोब्रिन्स्का ही पहिली बाई.

तक्त्यावर टीका होऊच शकत नाही असं नाही. धावण्या-उड्यांच्या सूत्रांचा वाक असा आहे की वर जावं तसा पुढचा प्रत्येक टप्पा जास्त मोलाचा होतो. गोळ्याचं सूत्र जवळजवळ सरळ रेषेत चालतं. म्हणूनच जॉन्सन-थॉम्पसन २०१५ ला प्रागच्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत अवघ्या १२.३२ मीटरच्या गोळ्यावर, म्हणजे ६८२ गुणांवरही, बरोबर ५००० पर्यंत पोहोचली: उंच उडी १.९५ आणि लांब उडी ६.८९ होती. फेकणाऱ्यांना थोडा अन्याय होतो, ही तक्रार मला पटते. पण मजकुराची तक्रार नेमकी उलट्या दिशेची आहे. गोळ्याच्या जोरावर जिंकणारीवरच त्याचा राग.

राहिली ८०० मीटर. प्रागमध्ये जॉन्सन-थॉम्पसन तेव्हाच्या विश्वविक्रमापासून १३ गुणांनी दूर राहिली. ८०० मीटरच्या भाषेत एक सेकंदही नाही. तिने २:१२.७८ घेतले होते. तिला विचारा, ती शर्यत उरकायची होती का.

आणि इस्तंबूलला, २०२३ मध्ये, शेवटच्या शर्यतीच्या रेषेवर उभं राहताना हिशेब असा होता. थियाम ४१४२, सुलेक ४००८. सुवर्णासाठी सुलेकला थियामच्या साधारण नऊ सेकंद पुढे यावं लागणार होतं. इनडोअरच्या २०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्यांत नऊ सेकंद म्हणजे फार मोठं अंतर. पण डोब्रिन्स्काचा ५०१३ चा विक्रम दोघींच्याही टप्प्यात होता. थियामला त्यासाठी सव्वादोन मिनिटांच्या थोडं पुढेमागे येऊन चालणार होतं, सुलेकला मात्र जीव काढून धावणं भाग होतं. ती धावली. २:०७.१७ ला तिने रेषा ओलांडली, बेरीज झाली ५०१४, आणि त्या क्षणी जगात कुठल्याही बाईने इनडोअर पेंटॅथलॉनमध्ये इतके गुण मिळवलेले नव्हते. थियाम अजून ट्रॅकवर होती. ६.४३ सेकंदांनी तीही पोहोचली.