काकू, एकदा त्या वह्या बघा

आज बारशाला गेले होते. पेढ्यांचं ताट फिरत होतं आणि आमच्या नात्यातल्याच एक काकू ताईच्या तोंडावर म्हणाल्या, "त्याच्या लहानपणी साखर नीट सांभाळली असतीस तर पोराचे डोळे गेले नसते गं." ताई काही बोलली नाही, पाणी आणते म्हणून आत गेली. मीपण गप्प बसले, आणि आता घरी येऊन त्याचाच जास्त संताप होतोय.

अहो, पोराला सहाव्या वर्षी डायबेटिस निघाला त्या दिवसापासून ताई वही ठेवतेय. रोज चार वेळा बोट टोचायचं, आकडा लिहायचा. नऊ वह्या भरल्यात. अकराव्या वर्षी त्याला फळा दिसेना, लाल पेन कुठला हिरवा कुठला कळेना, जो तो म्हणे साखरेनेच झालं, आणि ही रात्र रात्र त्याच वह्या उघडून आपण कुठे चुकलो ते शोधायची. साखरेने डोळे जातात, मान्य. पण ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होतं, आणि त्याला बरीच वर्षं लागतात. याचा पडदा स्वच्छ होता, डोळ्यामागची नसच फिकी पडलेली. एका तरुण डॉक्टरीणबाईंना ते दिसलं, त्यांनी विचारलं पाणी फार पितो का? साखर नॉर्मल असली तरी रात्री चारदा लघवीला उठायचा, आम्ही त्यालाच ओरडायचो. मग जीन टेस्ट, मग नाव कळलं. वोल्फ्रॅम सिंड्रोम. साखर, डोळ्याची नस, लघवी, सगळं एकाच बिघडलेल्या जीनमुळे.

1938 साली एकाच घरातल्या चार भावंडांत हे बघून डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, 1998 साली जीन सापडला. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच होतो, त्या दोघांना स्वतःला सहसा काही त्रास नसतो, आणि दर खेपेला चारात एक शक्यता. नात्यात लग्न केलं तर धोका वाढतो हे खरंय, पण ताई-भावोजींचं काही नातं नव्हतं. यात तिने काय करायचं होतं सांगा ना?

नस परत आणेल असं औषध आज नाही. इन्सुलिन आहे, लघवीसाठी गोळी आहे. आता कानही चाललेत, साखरेच्या मशीनची बारीक बीप त्याला ऐकू येत नाही. तुमच्या ओळखीत डायबेटिसचं लहान मूल असेल आणि नजर लवकर कमी होत असेल तर पडद्यावर थांबू नका, नस तपासा म्हणा.

मघाशी ताईला फोन केला. म्हणाली थांब, आकडा लिहिते.

काकू, तुम्ही हे वाचाल माहितीये. भांडायचं नाहीये मला. रविवारी ताईकडे या, वह्या तिथे कपाटातच आहेत.