आपल्याशिवाय कोणालाच वापरता येणार नाही अशी कंपोनंट लायब्ररी कशी बनवावी

कंपनीची तीन ॲप आणि तिन्हीत बटणाचा निळा वेगळा, हे कोणीतरी वरच्या साहेबांना दाखवून दिलं की समजा तुमचे दिवस आले. लगेच म्हणायचं, आपली स्वतःची कंपोनंट लायब्ररी पाहिजे, म्हणजे बटण, इनपुट असले तयार तुकडे सगळ्या ॲपना पुरवणारा एकच संच. आता रिॲक्ट नेटिव्ह 2015 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, फ्लटरचं 1.0 डिसेंबर 2018 ला आलं, एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइडची ॲप बनवायच्या या दोन्ही साधनांसाठी तयार लायब्रऱ्या ढिगाने पडल्यात, पण त्या "आपल्या युज केसला" बसत नाहीत. कुठला युज केस ते कोणी विचारत नाही, काळजी नको. मीटिंगमध्ये हा शब्द आला की सगळे माना डोलावतात.

आधी नाव आणि लोगो, कोड नंतर. मग बटणापासून सुरुवात. बटण बंद ठेवायचं असेल तर बटणात प्रॉपचं (कंपोनंटला बाहेरून द्यायच्या सेटिंगचं) नाव 'डिसेबल्ड', इनपुटमध्ये 'इजडिसेबल्ड' आणि चेकबॉक्समध्ये 'इनॅक्टिव्ह' ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला दरवेळी तुमचा सोर्स उघडून बघावा लागतो आणि माणूस शिकतो. 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' हे एकाच प्रॉपचे दोन पर्याय कशाला, दोन वेगळे बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) करा, कोणी दोन्ही ट्रू दिले तर काय व्हायचं ते होईल. टाइपस्क्रिप्ट (कोडमधले टाइप तपासणारी भाषा) कटकट करत असेल तर सगळीकडे 'एनी' (म्हणजे काहीही चालेल) टाका, लाल रेघा जातात.

क्रॉस प्लॅटफॉर्म म्हणजे डिझायनरच्या आयफोनवर छान दिसणं, एवढंच. शॅडोचे सगळे प्रॉप्स आयफोनसाठी लिहा, अँड्रॉइडला सावलीसाठी एलिव्हेशन नावाचा वेगळा प्रॉप द्यावा लागतो तो राहू द्या, तिकडे कार्ड पांढऱ्यावर पांढरं दिसेल, त्याला मिनिमल म्हणतात. मोडल (स्क्रीनवर वरून उघडणारी खिडकी) उघडल्यावर अँड्रॉइडचं बॅक दाबलं तर काहीच होऊ नये. कीबोर्ड वर आला की सबमिटचं बटण त्याच्याखाली गेलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक लोकांच्या हातात अँड्रॉइडच असतो हे खरंय, पण डेमो त्या लोकांसमोर नसतो ना.

भाषांचं तर बोलूच नका. बटणाची रुंदी 'ओके' बसेल एवढी फिक्स करा, लाइन हाइट बरोब्बर फॉन्ट साइजइतकी, इंग्रजीत मस्त दिसतं. मग कोणीतरी मराठी चालू करतो आणि 'पूर्ण करा' चा रफार वरून छाटला जातो, उकार खालून छाटला जातो, आणि स्क्रीनवर उरतं 'पण करा'. बग आला की लिहायचं, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, आणि तिकीट बंद. आजोबांनी फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर तुमचा लेआउट मोडतो, म्हणून फॉन्ट स्केलिंग सरळ बंदच करून टाका. आजोबांना चष्मा आहे की. (हा शेवटचा सल्ला मी गमतीत दिलाय, पण खऱ्या कोडमध्ये ती ओळ इतक्यांदा बघितलीये की आता हसू येत नाही.) ॲपल सांगतं बोट लागायची जागा 44 पॉइंट ठेवा, गूगल सांगतं 48 डीपी, तुम्ही 20 चा क्रॉस ठेवा आणि त्याला लेबल देऊ नका, टॉकबॅक (अँड्रॉइडवर स्क्रीन वाचून दाखवणारं) नुसतं "बटण" म्हणेल, कसलं ते ज्याचं त्याने ओळखावं.

डॉक्युमेंटेशन मात्र पाहिजेच, ते नसेल तर लायब्ररी प्रोफेशनल वाटत नाही. स्टोरीबुक (कंपोनंट एकेक करून दाखवणारं साधन) लावा, त्यात प्रत्येक कंपोनंटची एकच स्टोरी, म्हणजे नमुना, आणि तिच्यात नाव छोटं, फोटो चौकोनी, नेटवर्क फास्ट. लोडिंग, एरर, रिकामी लिस्ट असली अमंगळ दृश्यं नकोत. रीडमीमध्ये इन्स्टॉलची एक ओळ, त्याखाली "युसेज: लवकरच". बाकीची माहिती थोडी फिग्मात, थोडी कॉन्फ्लुएन्समध्ये, आणि खरी माहिती स्लॅकच्या एका जुन्या थ्रेडमध्ये, तिन्हीत वेगवेगळी. कोणी ग्रुपवर विचारलं तर उत्तर डीएममध्येच द्या. ग्रुपवर दिलं तर पुढच्याला सर्च करून सापडेल, मग तुम्हाला विचारणार कोण?

व्हर्जनचंही तसंच. 2.4.1 वरून 2.4.2 करताना (शेवटचा आकडा बदलला म्हणजे फक्त दुरुस्ती, जुनं काही तुटणार नाही असं लोक धरून चालतात) एका प्रॉपचं नाव बदला आणि चेंजलॉगमध्ये लिहा "मायनर फिक्सेस". मार्च 2016 मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारातून) लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज काढलं तर ठिकठिकाणचे बिल्ड पडले होते, तुमच्या तर नुसत्या बटणाच्या ओळी त्याहून जास्त आहेत, स्वतःला कमी समजू नका.

हळूहळू टीमवाले तुमच्या रेपोतली बटणाची फाइल कॉपी करून आपापल्या 'कॉमन' फोल्डरमध्ये टाकतील आणि तिथेच हवी तशी बदलतील. बदलू द्या. पॅकेज जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) तुमच्या लायब्ररीचं नाव तसंच राहतं, कारण काढलं तर काय तुटेल हे कोणालाच माहीत नसतं. अप्रेजलच्या फॉर्ममध्ये बिनधास्त लिहा, ॲडॉप्शन 100 टक्के. खोटं काही नाही त्यात, इन्स्टॉल तर सगळ्यांनीच केलंय.