डिसेंबर रिकामा करा म्हणणाऱ्या पालकांना

‘एक पालक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

नमस्कार. वसईतल्या कॅथलिक शाळांमध्ये दिवाळीनंतरच्या धावपळीत मुलांना कसं सांभाळलं जातं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तिचं पहिलंच वाक्य असं: ‘आधी तुमच्या शाळांनी स्पोर्ट्स, गॅदरिंग आणि नाताळ यांनी गच्च भरलेला डिसेंबर रिकामा करावा, मग मुलांच्या मनःस्वास्थ्यावर प्रवचन झोडावं, मॅडम!!!’

प्रवचन फादर देतात. मी निवृत्त शिक्षिका आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांत हयात गेली, आता सवड आहे म्हणून लिहिते. मतभेद असतील तर खुशाल मांडा, पण तीन-तीन उद्गारचिन्हं कशासाठी? शाळेच्या गेटवर समोरासमोर भेटला असता तर याच आवाजात बोलला असता का? आणि ते ‘मॅडम’ कोणत्या सुरात आलंय, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. मुलांच्या मनाची काळजी वाहणाऱ्याने दुसऱ्याच्या मनाचीही थोडी वाहावी, एवढीच अपेक्षा.

एक गोष्ट मान्य. तालीम शाळा सुटल्यावर ठेवली की नालासोपारा-विरारकडून येणाऱ्या मुलांचे हाल होतात, थंडीच्या दिवसांत घरी पोचेस्तोवर अंधार पडतो. ती शाळेच्या वेळेतच उरकावी, हे तुमचं म्हणणं रास्त आहे.

आता त्या रिकाम्या डिसेंबरबद्दल. रिकामा करून त्यात भरणार काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी सांगते. क्लास. दहावीच्या मुलाचा दिवस आजच कसा असतो? पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवून टेस्ट सिरीज. जानेवारीत प्रिलिम, पाठोपाठ तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं. त्यात २०२५ साली बोर्डाने दहावीची परीक्षा मार्चवरून थेट २१ फेब्रुवारीला ओढली. म्हणजे होते तेही दिवस गेले. या सगळ्यात कोणी मार्क देत नाही असं एकच काम मुलांच्या वाट्याला येतं, ते डिसेंबरात. नेमकं तेच तुम्हाला खुपतं!

(हे एकच उद्गारचिन्ह माझं. फिटंफाट.)

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. नाताळच्या आधी वर्गावर्गांतून तारे बनवायचे असायचे. दहावीतला एक मुलगा वर्षभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, विचारलं तर ‘काही नाही टीचर’, एवढंच. त्याच्याकडे कामट्या तासायचं काम आलं. बांबू चिरायचा, कामटीची सल काढायची, पाच टोकं सुतळीने आवळून बांधायची, मग खळ लावून जिलेटीन पेपर ताणून चिकटवायचा. हात कामात होते, नजर कामटीवर होती, आणि माझ्याकडे न बघताच तो बोलायला लागला. रात्री झोप येत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, घरी सांगितलं तर नाटकं म्हणतील. मी सुतळी धरून बसले होते. मध्ये एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी त्याच्या आईला बोलावलं, पहाटेचा क्लास बंद झाला, मुलगा निदान झोपायला लागला. हे मी त्याला ऑफिसात खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं का? तुमच्या रिकाम्या डिसेंबरात तो तारा नसता, म्हणजे ते बोलणंही नसतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. एकोणिसाव्या शतकातले फादर, संत जॉन बॉस्को, इटलीतल्या तुरीनमध्ये कामासाठी वणवणणाऱ्या पोरांना गोळा करायचे ते खेळ आणि गाण्यांच्या जोरावर. लहानपणी तर ते गावातल्या लोकांना दोरीवरून चालून दाखवायचे आणि मग प्रार्थना म्हणायला लावायचे. खेळ बंद करा म्हणजे मुलं सुधारतील, असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचा सण ३१ जानेवारीला येतो, प्रिलिमच्या धामधुमीत. तुमच्या हिशेबाने तोही रद्दच करायला हवा.

आणि माझंच सांगायचं तर, माझ्या दहावीच्या वर्षी मी चर्चच्या गायनवृंदात होते. डिसेंबरभर संध्याकाळी सराव, नाताळच्या रात्री मध्यरात्रीची मिस्सा. वडील केळीच्या वाडीत राबणारे, शाळेत फारसे न गेलेले. शेजाऱ्यांनी त्यांचे कान भरले, पोरगी वाया जाईल म्हणून. ते म्हणाले, गाते तर गाऊ दे. मी पास झाले, डी.एड. केलं, शेकडो मुलांना शिकवलं. याहून वेगळा पुरावा काय देऊ?

बाकी मुद्दे थोडक्यात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात परीक्षेच्या मुलांना उपाशी ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. कोण ठेवतं? चर्चच्या कायद्यात उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं. चौदाच्या पुढे मांस वर्ज्य करायचं, तेही ठरावीक दिवशी. २०२५ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला, बोर्डाचे पेपर चालू असताना आला. त्या दिवशी आमच्याकडची मुलं पोटभर न्याहारी करूनच घराबाहेर पडली. टीका करण्याआधी शेजारच्या फादरांना तरी विचारायचं.

बिगरख्रिस्ती मुलांवर प्रार्थना लादतात, हेही ऐकून ऐकून कान किटले. मी शिकवलं तिथे धर्मशिक्षणाच्या तासाला इतर मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास असायचा. घरी मुलाला विचारा.

राहिला समुपदेशकाचा मुद्दा. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं आहे, ते मीही वाचलंय. नेमावा की, कोण नको म्हणतंय? पगाराचं काय, विनाअनुदानित तुकड्यांचं काय, हे विषय वेगळे आहेत, त्यावर इथे लिहीत बसत नाही. रात्री-अपरात्री एखाद्या घरात गरज पडलीच तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सुट्टीतल्या गृहपाठाबद्दलची तुमची तक्रार मी वाचली. ती तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेकडे करा, माझ्याकडे नको.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, खाली जशीच्या तशी आहे. पुन्हा लिहायचं असेल तर स्वतःचं नाव घालून लिहा. मी माझ्या नावाने लिहिते.