मीटर आणि माळवद

सोलापूरहून काकांचा व्हॉइस मेसेज आला. ‘अगं, नवीन मीटर बसवायला माणसं आली होती. गल्लीनं परत पाठवली. तुमच्याकडं आहेत म्हणे असली मीटरं. तू सांग, बसवावं का?’

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मला 14 वर्षं झाली, आणि स्वयंपाकघरात असलं स्मार्ट मीटर, म्हणजे वापराचा आकडा स्वतःच कंपनीला कळवणारं, आहेच. तरी उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

महाराष्ट्रातला वाद माहीत आहेच. 2024 मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवरून आंदोलनं झाली आणि त्याच जूनमध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. आता स्मार्ट मीटर येतं, पण बिल महिन्याच्या शेवटीच. लोकांचा संशय मात्र गेलेला नाही. मीटर पळतं, बिल वाढतं, हेच सगळीकडे ऐकू येतं.

मीटर पळतं ही तक्रार इथेही आहे. मला ती फार महत्त्वाची वाटत नाही. प्रीपेडची गोष्ट वेगळी, कारण त्याचं काय होतं ते मी 2022-23च्या हिवाळ्यात पाहिलं. त्याच्या वर्षभर आधी वीज युनिटला 21 पेन्सच्या आसपास होती, ती सरकारनं दर रोखून धरूनही 34 पेन्सवर गेली, म्हणजे तेव्हाचे आपले 32-34 रुपये. गॅस तर अडीच पट झाला. बिलं थकली. कंपन्या कोर्टातून वॉरंट काढून घरात शिरत आणि प्रीपेड मीटर लावत. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आधीच होतं, त्यांच्या घरी माणूस पाठवायचीही गरज नव्हती. ऑफिसात बसून ते प्रीपेडवर टाकता येत होतं.

अशा घरात वीज कोणी ‘तोडत’ नाही. बॅलन्स संपतो, एवढंच. कागदोपत्री ग्राहकानं स्वतःच वीज बंद केलेली असते. सोलापुरात वीज तोडायला वायरमनला निदान जिना चढून यावं लागायचं. काकू त्याला चहा द्यायची, वाद घालायची, दोन दिवसांची मुदत मिळवायची. ते काही आदर्श नव्हतं, पण घरात म्हातारं माणूस आहे हे कुणाच्या तरी डोळ्यांना दिसायचं. इथे फेब्रुवारी 2023 मध्ये बराच गदारोळ झाल्यावर नियामक ऑफजेमनं ही सक्ती थांबवली. पुढे नियम आले: घरात दोन वर्षांखालचं मूल असेल, किंवा आधाराला कुणी नसलेले पंचाहत्तरीपुढचे लोक असतील, तर सक्ती नाही. गावाकडच्या लोकांनी प्रीपेडला आधीच नाही म्हटलं, याला म्हणूनच मी अडाणीपणा म्हणणार नाही. इथल्यांना ते उशिरा सुचलं.

पण काका, आपलं भांडण मीटरपाशीच थांबतं, ते मला पटत नाही. बिलावरच्या बाकीच्या ओळी कोण वाचतं? स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर 16 टक्के वीज शुल्क. इथेही रोजचा ठरलेला आकार आहे, घर बंद असलं तरी पडणारा. 2021-22 मध्ये जवळपास 30 वीज-गॅस कंपन्या बुडाल्या आणि त्यांचं बरंचसं ओझं या आकारात घालून सगळ्यांवर वाटलं गेलं. मी एलईडी लावले, जुना फ्रिज काढला, वापर कमी केला. बिल वाढलंच.

मीटरसोबत इथे एक छोटा पडदा मिळतो. किटली लावली की तो हिरव्याचा लाल होतो. पहिले काही महिने आम्ही त्या लाल दिव्याला घाबरून चहा कमी केला, हे आता सांगायलाही लाज वाटते. खरा खर्च चहात नव्हताच. 2023च्या हिशेबानं इथलं सर्वसाधारण घर वर्षाला वीज वापरायचं सुमारे 2,700 युनिट आणि गॅस सुमारे 11,500 युनिट, आणि तो गॅस मुख्यतः घर ऊबदार ठेवायला. आमचं विटांचं जुनं घर भिंती, खिडक्या, माळा, सगळीकडून गळत होतं. माळ्यावर जाड लोकरीचा थर टाकला, तेव्हा कुठे पाइपातली ऊब घरात राहायला लागली.

तेव्हा मला आजोबांचं माळवदाचं घर आठवलं. हातभर जाड भिंती, वर मातीचं छत. मेमध्ये एक पंखा पुरायचा. ते पाडून स्लॅब टाकला; आता रात्री दहालाही स्लॅब भट्टीसारखा तापलेला असतो आणि खाली दोन एसी चालतात. माळवदाची मातीही दरवर्षी बसवावी लागायची, गळतीही व्हायची, आणि ते काम बायकांच्याच वाट्याला यायचं, म्हणून परत तिकडे जा असं मी म्हणणार नाही. पण मीटरवर गल्ली जमते, तशी स्लॅबला पांढरा रंग द्यायला का जमत नाही?

शेवटी काकांना लिहिलं: पोस्टपेड असेल तर बसवा, पण ते परस्पर प्रीपेडवर टाकणार नाही हे लेखी मागा. इथे स्वस्त वीज वर्षानुवर्षं रात्रीची. लोक मध्यरात्री कपडे धुतात. तुमच्याकडे सौर विजेमुळे उलटं आहे. जुलै 2025 पासून या मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सूट आहे. वॉशिंग मशीन तेव्हा लावा.

काकांचं उत्तर लगेच आलं. ‘दिवसा मोटर चालवायला पाणी कुठंय? नळाला येतं पहाटे चारला.’