आधी वाफ जाऊ द्या, मग वॅफलला नावं ठेवा

'सादळणे' असा अख्खा वेगळा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना घरी कुरकुरीत वॅफल जमत नाही, हे मला पटतच नाही. पापड सादळला, चिवडा सादळला, हे आपण उठता बसता बोलतो, आणि जुलैमध्ये बेळगावात तर काडेपेटीपासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळंच सादळलेलं असतं. तरी वॅफल मऊ पडलं की आपण दोष देतो मशीनला, नाहीतर मैद्याला, नाहीतर रेसिपीला. गेली दोन वर्षं मी जवळपास दर रविवारी घरी वॅफल करतेय आणि माझं ठाम मत झालंय की निम्म्याहून जास्त वॅफलं मशीनमध्ये बिघडत नाहीत, बाहेर काढल्यावर बिघडतात.

सुरुवात एका पार्सलनं झाली. मुलाच्या वाढदिवसाला गावातल्या एका कॅफेतून दोन वॅफलं घेतली, ४०० रुपये दिले. बनवताना मी काउंटरपाशीच उभी होते, ताटलीत टाकलं तेव्हा टक्क असा आवाज आलेला मी स्वतः ऐकलाय. मग त्यांनी त्यावर सॉस ओतला, पुठ्ठ्याच्या डब्यात घातलं, झाकण दाबून टेप लावली. पावसातून स्कूटीवरनं शहापूरला घरी पोचायला वीस मिनिटं लागली असतील, डबा उघडला तर आतल्या झाकणावर पाण्याचे थेंब आणि मुलानं काट्यानं उचललं तर वॅफल मधनंच लोंबायला लागलं. तो काही बोलला नाही, गप्प खात बसला, मला मात्र फार वाईट वाटलं. आणि डोक्यात एकच बसलं, की वीस मिनिटांपूर्वी जे टक्क वाजत होतं त्याचं मधल्या वेळात झालं काय?

पुढच्या महिन्यात ऑनलाइन सेलमधनं साधंच ७५० वॅटचं मशीन घेतलं. पहिल्या रविवारी सहा वॅफलं केली, सगळी जमेपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून चपात्या ठेवतो तशी एकावर एक रचून डब्यात ठेवली आणि वर फडकं घालून झाकण. जेवायला बसलो तर वरचं जरा बरं, खालची सगळी ओली. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्तीच म्हणतो, एवढा वेळ शेंगा सोलत बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, कढईतनं काढलेली चकली अशी गरमच डब्यात भरतीस काय तू? वाफ कोंडून ठेवूलालीस आणि मऊ पडलं म्हणूलालीस."

आत्तींनी आयुष्यात वॅफल बघितलं नव्हतं. खरं वाफ त्यांना माहिती आहे. खानापूरकडच्या माहेरात लग्नाच्या घरी मांडे होताना त्यांनी लहानपणापासून बघितलेत. उलट्या कढईवरनं काढला तेव्हा मांडा रुमालासारखा मऊ असतो, तेवढ्यात घडी घालून घ्यायची, आणि गार झाला की हाताला लागताच मोडतो. गरम असताना मऊ होता म्हणून कोणी मांडा बिघडला म्हणत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं की याला वारा लागू दे. वॅफलचंही तसंच आहे. मशीनमधनं काढल्या काढल्या ते थोडं मऊच लागतं, आतली वाफ निघायची असते, साखर अजून पातळ असते. मिनिटभर मोकळं ठेवलं की कडक होतं. डब्यात घातलं की आतलं पाणी बाहेरच्या पापुद्र्यात शिरतं, आणि एकदा शिरलं की संपलं.

पाणी किती असतं याचा अंदाज घ्या. माझ्या मापात कोरडं पीठ १२० ग्रॅम आणि दही, पाणी, अंडं मिळून पाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे पाणी निघून जाईपर्यंत कुरकुरीत वगैरे काही होत नसतं, कारण वरच्या थरात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशाच्या फारसं वर चढतच नाही, आणि तो तांबूस रंग, तो भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून मशीनच्या कडेनं भसाभस वाफ येतेय तोवर झाकणाला हात लावायचा नाही. हिरवा दिवा लागला म्हणून काढायचं नाही, तो दिवा फक्त तवा परत तापला एवढंच सांगतो, वॅफल वाळलं की नाही ते त्याला काय माहीत. माझ्याकडे दिवा तिसऱ्या मिनिटाला लागतो आणि मी काढते पाचव्या सहाव्या मिनिटाला, वाफ जवळजवळ थांबली की. मधेच उघडलं तर वॅफल मधनं फाटून निम्मं वर, निम्मं खाली चिकटतं, ते मीही केलंय.

दिवे-बिवे तर फार नंतर आले. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी चुलीवर ठेवायच्या वॅफलच्या साच्याचं पेटंट घेतलं ते २४ ऑगस्ट १८६९ ला, अमेरिकेत त्या तारखेला अजून वॅफल डे करतात. बिजागरी आणि मूठ असलेला लोखंडी साचा, चुलीवर ठेवायचा आणि पलटायचा. तेव्हा झालं की नाही हे नाकानं आणि वाफेकडे बघूनच ठरवत असणार, आपण घावन नाहीतर आंबोळी उलटताना जसं ठरवतो तसंच.

आता पिठाचं सांगते, कारण भांडणं सगळी इथंच होतात. नुसता मैदा घेतला आणि घोटघोटून भिजवला की वॅफल वातड होतं. म्हणून ९० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं, बोटाला चरचर लागणारं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे, दुकानात नीट बघून घ्या. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाचं पीठ चालतं, आमच्याकडे तर खानापूरचे तांदूळ घरात असतातच, फक्त पीठ अगदी बारीक पाहिजे, नाहीतर दाताखाली कचकचतं. एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर. १२० ग्रॅम दही, १०० मिली पाणी, एक अंडं. आणि ७० मिली तेल. हो, ७० मिली. एवढं तेल बघून जीव दचकतो आणि हात आखडतो, आणि तिथंच वॅफलचा पाव होतो.

इथं बटरवाल्यांशी माझं जमत नाही. रीलमध्ये सगळे भरभरून बटर ओततात आणि म्हणतात क्रिस्पी होतं. बटर चवीला छान, मला काही वाकडं नाही त्याच्याशी, खरं विकतच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, घरच्या लोण्यात त्याहून जास्तच. म्हणजे जे पाणी घालवायला आपण सहा मिनिटं थांबतोय तेच अजून आत ओतायचं. एवढ्या चांगल्या लोण्याच्या गावात राहून बटरची वडी कशाला आणायची? लोणी कढवून तूप करा, तुपात पाणी जवळजवळ उरतच नाही. मी ५० मिली तेल आणि २० मिली पातळ केलेलं तूप घेते, वास तुपाचा येतो आणि कडकपणा तेलाचा मिळतो. सगळंच तूप घातलं तर मात्र वॅफल खुसखुशीत होतं, शंकरपाळीसारखं. खुसखुशीत वेगळं, कुरकुरीत वेगळं. आपल्याकडे दोन शब्द आहेत ते उगीच नाहीत.

आणि दुधाचं. नुसत्या दुधात भिजवलं तर त्यातल्या साखरेनं रंग लवकर येतो, तुम्हाला वाटतं झालं, आत सगळं ओलंच असतं. साखर जास्त झाली तरी तीच गत. विकतच्या प्रीमिक्समध्ये बऱ्याचदा साखर आणि दूध पावडर दोन्ही असतात म्हणून फोटो सोनेरी येतो आणि पाच मिनिटांत वॅफल पडतं. प्रीमिक्सवर पैसे घालवू नका असं मी अगदी कळकळीनं सांगते, त्यात असं काहीच नसतं जे आपल्या डब्यांत नाही.

अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हातानं मिसळला तर अजून हलकं होतं, रोजच्याला मी नाही करत, पाहुणे असतील तर करते. पीठ फार घोटू नका, गुठळ्या राहिल्या तर राहू देत, पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की आपोआप जिरतात. मशीन मात्र रिकामं दहा मिनिटं तापवा, दिवा लागल्यावरही थांबा, आणि एक वॅफल काढल्यावर दुसरं लगेच ओतू नका, स्वस्तातल्या मशीनला दम धरायला वेळ लागतो.

बाहेर काढल्यावर ताटात आडवं ठेवायचं नाही. मी पापड भाजायच्या जाळीवर ठेवते. जास्त असतील तर दोन दोन एकमेकांना टेकवून उभी करते, घरावर कौलं उतरती असतात तशी, खालून वरून वारा खेळतो. सगळ्यांना एकदम गरम द्यायची असली तर ओटीजी १०० अंशावर ठेवून जाळीवर मांडून ठेवा, दार अगदी किंचित उघडं. उरलेली असली तर गार करून फ्रीझरमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी टोस्टरमध्ये नाहीतर मंद तव्यावर गरम करा, परत कडक होतात. मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात परत वाफच होते.

पावसाळ्यात हे सगळं दुप्पट सांभाळावं लागतं. कणकुंबी, जांबोटीकडनं पाऊस सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींनासुद्धा ओल येते, त्या दिवसांत मी वॅफल एक मिनिट जास्त ठेवते आणि जाळीवरनं थेट पानात वाढते. फोटो काढायला थांबायचं नाही.

वरून काय घालायचं यावरही मला बोलायचंय. ज्याला आपण बेल्जियन वॅफल म्हणतो, क्रीम आणि स्ट्रॉबेरीवालं, ते अमेरिकेत गाजलं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात, मॉरिस व्हर्मर्श यांच्या कुटुंबाच्या स्टॉलवर. मुळात ते ब्रसेल्सचं वॅफल, हलकं आणि चौकोनी. बेल्जियममध्येच लिएज गावचं वॅफल वेगळं, ते यीस्टच्या घट्ट कणकेचं, आत साखरेचे खडे, आतून मऊ असणं हाच त्याचा गुण. रीलवाले दोन्ही एकत्र करतात आणि मग लोक म्हणतात आमचं मऊ का झालं. क्रीम असो नाहीतर सॉस, स्टॉलवर ताजं हातात घेऊन खायचं तर ठीक आहे. पार्सलवर ओतणं म्हणजे करणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी. सॉस वाटीत वेगळा द्या, एवढंच माझं सगळ्या कॅफेवाल्यांना मनापासून सांगणं आहे, आणि डब्याला दोन भोकं पाडा.

घरी आम्ही काकवी घेतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा सगळा उसाचा पट्टा आपल्या उंबऱ्याशी असताना मेपल सिरपची महागडी बाटली मला पटत नाही. काकवी वाटीत घ्यायची आणि घास बुडवून खायचा. माझ्या मुलाला वॅफलच्या खळग्यांत कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, चुरून भरलेला आवडतो, कुंदा रवाळ आणि त्यातल्या त्यात कोरडा असल्यामुळे वॅफल लगेच मऊ पडत नाही, त्याला तो 'बेळगावियन वॅफल' म्हणतो. तिखट पाहिजे असेल तर पिठातली साखर अर्धी करा, चिरलेला कांदा पिळून घाला आणि थोडं संकेश्वरी मिरचीचं तिखट.

आता अंडं न खाणाऱ्यांचं. आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी अंडं चालत नाही, त्या आमच्याशी मराठी बोलतात आणि घरात कन्नड. त्यांच्यासाठी बिनअंड्याचं म्हणून दही वाढवून बघितलं, यीस्ट घालून रात्री भिजवूनही बघितलं, दोन्ही बरी झाली, यीस्टचं जास्त बरं. पण सगळ्यात भारी झालं ते साध्या डोशाच्या पिठाचं. आदल्या रात्री वाटून आंबवलेलं पीठ, त्यात दोन चमचे तेल, मशीन कडकडीत तापलेलं, आणि पूर्ण आठ मिनिटं. तांदूळ आणि उडीद, वातड करणारं त्यात काहीच नाही. अक्कांनी तुकडा मोडला, डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "गरिगरि!" डोसा कडक झाला की त्यांच्याकडे हाच शब्द. आत्ती तिकडनं म्हणाल्या, "आता कसं वाजूलालंय बघ."

तेव्हापासून शनिवारी रात्री त्यांच्या मिक्सरला आणि रविवारी माझ्या मशीनला सुट्टी नसते. या रविवारीही पीठ भिजणार आहे, शहापूर, वडगाव, अनगोळकडचं कोणी यायचं म्हणत असेल तर सकाळी नऊच्या आत या, जाळीवरनं थेट पानात वाढीन. डब्यात घालून मात्र कोणाला देणार नाही, आधीच सांगून ठेवते.